हिमेजी: लढाई न पाहिलेला किल्ला

सोमवार, ओसाका ते हिमेजी

ओसाकाचा किल्ला पाहून मिलिंदचा चेहरा पडला होता. बाहेरून सगळं झोकात. रुंद खंदक, माणसापेक्षा किती तरी मोठे दगड बसवलेली तटबंदी, वर हिरवट छपरांचा उंच मनोरा. आणि आत शिरलो तर समोर लिफ्ट. हा मनोरा 1931 साली शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून काँक्रीटमध्ये उभा केला आहे आणि आत संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणून उत्तमच. पण कॉलेजपासून सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला लिफ्टने बालेकिल्ल्यावर नेलं तर त्याचं काय होणार? तो परत खाली येऊन तटाचे दगड बघत बसला. ते मात्र अस्सल आहेत.

"उद्याचा खरा आहे," मी म्हटलं. जपानात मूळ लाकडी मनोरा शाबूत असलेले किल्ले आता फक्त 12 उरले आहेत. बाकीचे आगीत, भूकंपात, 1868 मध्ये सामुराईंचं राज्य संपल्यावरच्या पाडापाडीत किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेले. या 12 पैकी 5 राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेले आहेत आणि सगळ्यांत मोठा हिमेजीचा. म्हणून तर मी हिमेजीला मुक्काम ठेवला होता. बहुतेक लोक ओसाका किंवा क्योतोहून सकाळी येतात आणि दुपारी परत जातात.

ओसाकाहून जलद लोकलने साधारण तासभर लागतो. शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्ध्या तासात पोचता येतं, पण मग समुद्र दिसत नाही. कोबे सोडलं की डाव्या हाताला रुळांना खेटून समुद्र येतो आणि अकाशीचा प्रचंड झुलता पूल दिसतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधारतं, त्यामुळे आम्हाला पुलाचे दिवेच दिसले.

हिमेजी स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की समोर एक सरळसोट रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाला, बरोबर मध्यभागी, किल्ला. रात्री त्यावर प्रकाशझोत सोडलेले असतात. मिलिंद बॅगा टाकून फोटो काढत होता आणि मला भूक लागली होती.

जेवणाचं जरा सांगते, कारण शाकाहारी लोकांना ते कामी येईल. हिमेजीचं ओदेन प्रसिद्ध आहे: मुळा, अंडी, तोफू आणि माशांच्या वड्या रश्शात शिजवून त्यावर आलं घातलेला सोया सॉस. आल्याचा वास असा सुटतो की तोंडाला पाणीच सुटतं, पण रस्सा माशाचा. मुळासुद्धा त्यातच शिजलेला. मिलिंदने ते खाल्लं, वर इथली खास भाजलेली वामही खाल्ली. मी भात, लोणचं आणि सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगांवर भागवलं.

मंगळवार, किल्ला

नाश्त्याला माझी भरपाई झाली. हिमेजीच्या कॅफेंमध्ये आमंड टोस्ट मिळतो. जाड पाव, त्यावर बदाम आणि लोण्याचं गोडसर मिश्रण, वरून खरपूस भाजलेला. सोबत कॉफी. ओदेनपेक्षा या गोष्टीसाठी गावाचं नाव व्हायला हवं, असं माझं मत आहे.

किल्ला नऊला उघडतो. आम्ही साडेआठलाच लाकडी पूल ओलांडून बाहेरच्या मैदानात पोचलो. तिथून तो पहिल्यांदा सबंध दिसतो. मुख्य मनोरा, त्याला छपरी वाटांनी जोडलेले तीन धाकटे मनोरे आणि खाली उतरत गेलेल्या भिंती, सगळं पांढरं. जपानी लोक याला पांढऱ्या बगळ्याचा किल्ला म्हणतात. मला तो दिवाळीआधी नुकताच चुना दिलेल्या घरासारखा वाटला, आणि ते फार चुकीचं नाही, कारण हा चुनाच आहे. विरवलेला चुना, शिंपल्यांची राख, तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाचा चिकट रस यांचा गिलावा. लाकडी इमारतीला आगीचं भय सगळ्यांत मोठं, म्हणून भिंतीच नव्हे तर वळचणीही गिलाव्यात झाकल्या आहेत. छपराची कौलं खरं तर करडी आहेत, पण त्यांच्या सांध्यांवरही चुना थापलेला असल्यामुळे लांबून छप्परसुद्धा पांढरं दिसतं. 2009 ते 2015 च्या मोठ्या दुरुस्तीनंतर तो इतका लख्ख झाला की लोक "जरा जास्तच पांढरा झाला" म्हणून चेष्टा करू लागले. आता कौलांवर थोडी काजळी धरली आहे. बरी दिसते.

तिकीट आम्ही गेलो तेव्हा एक हजार येन होतं. शेजारच्या बागेसकट घेतलं तर तेव्हा फक्त पन्नास येन जास्त पडत होते.

इतिहास थोडक्यात. या टेकडीवर चौदाव्या शतकापासून गढी होती. 1580 मध्ये ती हिदेयोशी या बलाढ्य सेनापतीच्या हाती आली आणि त्याने तिथे तीन मजली मनोरा बांधला. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासू हा सरदार जिंकून जपानचा धनी झाला आणि त्याने हिमेजी आपला जावई इकेदा तेरुमासा याला दिली. पश्चिमेकडच्या सरदारांवर डोळा ठेवायला भरवशाचा माणूस हवा होता. तेरुमासाने जुना मनोरा उतरवून 1601 ते 1609 या काळात आज दिसतो तो किल्ला उभारला. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून एकवीस वर्षं होती.

पहिल्या मोठ्या दरवाजातून आत गेल्यावर बहुतेक लोक डावीकडे पश्चिमेच्या कोटात वळतात. आम्ही गर्दी चुकवायला उजवीकडून थेट मनोऱ्याकडे निघालो. आणि इथून पुढचा अर्धा तास हा माझ्या लेखी अख्ख्या किल्ल्यातला सगळ्यांत भारी भाग.

त्या दरवाजापासून मुख्य मनोरा सरळ रेषेत 130 मीटरवर आहे. चालावं लागतं 325 मीटर. दरवाजांना जपानी अक्षरांची नावं आहेत, आपण क, ख, ग म्हणावं तशी: इ, रो, हा, नि, हो. 'रो'मधून बाहेर पडलं की चढण लागते आणि मनोरा अगदी समोर दिसतो. दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींना जंग्या. आपल्या गडांवर जंग्या जाड दगडी तटात तिरप्या खाली उतरवलेल्या असतात. इथे पातळ पांढऱ्या भिंतींत गोल, त्रिकोणी आणि चौकोनी भोकं आहेत. उभी लांबट भोकं बाणांसाठी, बाकीची बंदुकींसाठी. किल्ल्यात अजून हजाराच्या आसपास शिल्लक आहेत. 'हा' दरवाजा ओलांडला की वाट गर्रकन वळते आणि मनोऱ्याकडे पाठ करून चालावं लागतं. पुढचा 'नि' म्हणजे इमारतीच्या पोटातून काढलेला बुटका, अंधारा बोगदा. डोक्यावरच्या फळ्या उचलून वरून भाले खुपसायची सोय.

"ही तर आपली गोमुखी," मिलिंद म्हणाला. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या कवेत असा दडवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा उरत नाही. इथे हत्ती नव्हते, पण हिशेब तोच. शत्रूला वळवायचं, अरुंद जागेत दाटीवाटीने आणायचं, थांबवायचं आणि वरून मारायचं. फरक इतकाच की आपल्याकडे अर्धं काम कड्याने केलेलं असतं. इथे टेकडी जेमतेम, म्हणून सगळी वळणं माणसाने काढलेली.

'हो' हा लोखंडी पत्रे ठोकलेला, वाकून जावं लागेल असा दिंडीएवढा दरवाजा. त्यातून बाहेर आलं की मनोरा हाताच्या अंतरावर, आणि वाट चक्क उतरायला लागते. आपण परत चाललो की काय असं वाटावं म्हणूनच ती उतरवली आहे. आमच्यापुढे चाललेलं एक कुटुंब खरोखरच थबकलं आणि मागे वळून बघायला लागलं.

वाटेतल्या तटांचे दगड नीट बघण्यासारखे आहेत. घाईघाईत दगड कमी पडले तेव्हा जुन्या दगडी शवपेट्या आणि दगडी दिवेसुद्धा तटात घातले. एका ठिकाणी जाळीआड एक लहानसा दगड आहे. ते जात्याचं पाळं. हिदेयोशीला दगडांची टंचाई आहे हे ऐकून एका गरीब म्हातारीने आपलं जातं दिलं, मग लोकांनीही भराभर दगड आणून दिले, अशी गोष्ट सांगतात. "हिरकणीची लांबची बहीण," मिलिंद म्हणाला.

मनोऱ्याच्या दाराशी बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून जिने चढायचे. हे जिने म्हणजे जवळजवळ शिड्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. उतरणं चढण्यापेक्षा वाईट. फळ्या थंडगार असतात, जाड मोजे घालून जा. बाहेरून मनोरा पाच मजली दिसतो, आत मात्र सहा मजले आणि खाली तळघर आहे. दगडी जोत्यासकट उंची 46 मीटर.

आत काहीही नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं. ना फर्निचर, ना चित्रं, ना सिंहासन. रिकामे लाकडी मजले, भिंतीवर भाले आणि बंदुका अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यांत सैनिक दडायचे खण, तटाच्या बाहेर आलेल्या दगड टाकायच्या फटी. मनोऱ्यात रोज कोणी राहत नव्हतं. तो कोठार आणि शेवटचा आसरा होता. माझ्या पुढची मुलगी आईला कंटाळा आल्याचं सांगत होती, भाषा न कळताही ते कळलं.

पण खांब बघा. तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत गेलेले दोन मुख्य खांब आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, प्रत्येकी साधारण 25 मीटर उंच आणि बुंध्याशी जवळपास एक मीटर जाड. अख्खा डोलारा त्यांच्यावर तोललेला. 1956 ते 1964 या काळात मनोरा सबंध उतरवून पुन्हा बांधला, तेव्हा पश्चिमेचा खांब आतून कुजलेला निघाला. त्याच्या जागी हिनोकीच्या दोन झाडांची खोडं तिसऱ्या मजल्यावर एकमेकांत अडकवून नवा खांब केला. पूर्वेचा तेरुमासाच्या वेळचाच, फक्त बुडखा बदललेला. मिलिंद त्या सांध्याच्या जागी उभा राहून वर-खाली बघत राहिला आणि मागे रांग तुंबली.

मला इथे शनिवारवाडा आठवला. त्याचेही वरचे मजले लाकडीच होते. 1828 च्या आगीत ते गेले आणि आपल्याला दगडी तट, दरवाजा आणि जोती उरली. आपल्या किल्ल्यांवर आपण जोत्यावर उभं राहून इमारत मनात बांधतो. इथे सदर, इथे अंबरखाना, इथे राणीवसा. हिमेजीत इमारत शाबूत आहे, माणसं मनात आणावी लागतात. मला हे जास्त अवघड गेलं. मिलिंदचं म्हणणं बरोबर उलटं.

सहाव्या मजल्यावर एक छोटं देऊळ आहे, या टेकडीच्या मूळ देवतेचं, ओसाकाबेचं. लोक नाणं टाकून दोनदा टाळी वाजवत होते. खिडकीतून स्टेशनपर्यंतचा सरळ रस्ता दिसतो. 1945 च्या जुलैमध्ये अमेरिकी विमानांनी हे शहर जाळलं. पांढरा किल्ला वरून दिसू नये म्हणून त्याच्यावर काळ्या जाळ्या टाकल्या होत्या. तरी एक आगीचा बॉम्ब याच वरच्या मजल्यावर येऊन पडला, आणि फुटला नाही.

त्याआधीही हा किल्ला असाच थोडक्यात वाचलेला आहे. सामुराईंचं राज्य संपल्यावर किल्ल्यांचा कोणाला उपयोग उरला नाही. हिमेजीचा लिलाव झाला आणि एका स्थानिक माणसाने तो 23 येन 50 सेनला घेतला, असं सांगतात. कौलं आणि लोखंड विकायचा बेत होता, पण पाडायचा खर्चच जास्त निघाला. पुढे 1878 मध्ये नाकामुरा शिगेतो नावाच्या कर्नलने हा किल्ला जतन करावा म्हणून सरकारकडे रदबदली केली. त्याच्या नावाचा दगड पहिल्या दरवाजाजवळ आहे.

आणि लढाई? 1609 नंतर एकही नाही. 1868 मध्ये नव्या सरकारच्या फौजेने दमदाटीपुरत्या तोफा डागल्या आणि किल्ला न लढताच स्वाधीन झाला. हजार जंग्या, चकवणारी वाट, दगड टाकायच्या फटी, सगळं कोरं राहिलं. "म्हणूनच उरलाय," मिलिंद म्हणाला. आपले गड एका शतकात कितीदा जिंकले, हरले, जाळले गेले ते मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही.

मनोऱ्यातून उतरून खालच्या अंगणात आलं की तो अगदी डोक्यावर येतो. इथे गाइड हमखास सांगतात ती सुताराची गोष्ट. मुख्य सुतार साकुराई गेंबेई काम पूर्ण झाल्यावर बायकोला कौतुकाने मनोरा दाखवायला घेऊन आला. ती म्हणाली, छान आहे, पण आग्नेयेला जरासा कललाय. बायकोला दिसलं म्हणजे चूक खरीच असणार, म्हणून त्याने तोंडात छिन्नी धरून वरून उडी घेतली. गोष्ट दंतकथा असेल, पण मनोरा खरोखरच आग्नेयेला कलला होता. पायाचे दगड वजनाने खचले होते, हे विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत दिसलं आणि मग खाली काँक्रीटचा पाया घातला. तात्पर्य कोणी काढायचं यावर आमचा थोडा वाद झाला.

वाटेत ओकिकूची विहीर लागते. दहा ताटल्यांपैकी एक हरवल्याचा आळ येऊन मारलेली दासी रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजते. दिवसा तिथे शाळेची सहल मोजत होती, मोठ्याने.

पश्चिमेचा कोट आम्ही शेवटी पाहिला, तो गर्दी नसताना पाहावा असाच आहे. इथे साधारण 240 मीटर लांबीची बंद ओसरी तटाच्या कडेकडेने वळत जाते आणि एका बाजूला दासींच्या छोट्या छोट्या खोल्या. शेवटी सेनहिमेचा मनोरा. ही इएयासूची नात. सात वर्षांची असताना तिचं लग्न हिदेयोशीच्या मुलाशी, हिदेयोरीशी लावून दिलं आणि ती ओसाकाच्या किल्ल्यात राहायला गेली. 1615 मध्ये तिच्याच आजोबांनी तो किल्ला घेतला, नवरा त्यात मेला, तिला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी होंदा तादातोकीशी दुसरं लग्न झालं. सासऱ्यांना हिमेजी मिळाली, आणि तिच्यासोबत आलेल्या संपत्तीतून हा मनोरा बांधला. इथून ती समोरच्या टेकडीवरच्या देवळाकडे तोंड करून प्रार्थना करायची. मुलगा लहानपणीच गेला, 1626 मध्ये नवराही गेला. ती एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला परतली, केस कापून संन्यासिनी झाली आणि 1666 मध्ये वारली. "आग्र्याहून सुटका झाली ते वर्ष," मिलिंद लगेच म्हणाला. त्याच्या डोक्यात सगळ्या सनावळ्या एकाच दोरीवर वाळत घातलेल्या असतात.

काल ओसाकात जिथे तो रेंगाळला होता, तिथेच तिचं पहिलं आयुष्य संपलं होतं. काल हे माहीत असतं तर मीही जरा जास्त वेळ थांबले असते.

दुपारी कोकोएन. खंदकापलीकडची ही बाग 1992 मध्ये केली, जुन्या वाड्यांच्या जागेवर भिंती घालून वेगळ्या केलेल्या नऊ बागा. नोव्हेंबरात मेपल लाल झालेले असतात. चहाघरात मातीच्या भांड्यातला हिरवा चहा आणि एक गोड वडी मिळाली. तासभर बसलो. कोणाच्याही पायांत दुसरं काही करायचं बळ नव्हतं.

बुधवार, शोशा डोंगर

हिरोशिमाची गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी बसने शोशा डोंगराच्या पायथ्याशी गेलो. अर्धा तास लागतो, मग रोपवे, मग पुन्हा बरंच चालणं. वर एंग्योजी हे 966 साली स्थापन झालेलं बौद्ध मंदिर आहे. झाडांत लपलेल्या प्रचंड लाकडी इमारती, आणि त्यातली एक दरीच्या अंगाला खांबांवर तोललेली. किल्ल्यावर शंभर माणसं होती तिथे इथे दहा.

इथेच होंदा घराण्याच्या समाध्या आहेत, तादातोकीची कबरही. त्याच्या मागे त्याच्या पदरी असलेला मियामोतो मिकिनोसुके पुरलेला आहे. तो नामवंत तलवारबाज मुसाशीचा दत्तक मुलगा. धनी गेल्यावर त्याने पोट चिरून घेतलं. काल सेनहिमेचं ऐकलं नसतं तर आम्ही ते दगड बघून पुढे गेलो असतो.

हिमेजीला एक दिवस देणार असाल तर किल्ला आणि कोकोएन करा. दोन दिवस असतील तरच शोशा, आणि तेही किल्ल्यानंतर. उतरताना रोपवेच्या रांगेत मिलिंदने विचारलं, मात्सुमोतो इथून किती लांब आहे. त्या बारांपैकी आणखी एक. मी वेळापत्रक दाखवलं, ते उलट्या दिशेला आहे. त्याने ते पुढच्या खेपेच्या यादीत लिहून ठेवलं आणि आम्ही बस पकडली.